जर्मनीत शिकायला निघालात? ‘काबर’ विचारायची सवय इथूनच लावा

अमळनेरहून मास्टर्ससाठी जर्मनीला निघालो तेव्हा व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), थंडीचे कपडे यांची माहिती पुष्कळांनी दिली. वर्गात काय होतं, ते मात्र कुणी सांगितलं नाही. आता जळगाव-धुळ्याकडच्या पोरापोरींचे फोन येतात, त्यांना मी आधी वर्गाचंच सांगतो.

वेळापत्रकात ‘१० सी. टी.’ असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, ‘एस. टी.’ असेल तर बरोबर दहाला. तास संपला की सगळे बाकावर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात. आपल्याकडे बाक वाजवणं म्हणजे सरांचा अपमान. तिथे त्या टाळ्याच. पहिल्या दिवशी मी पार दचकलो होतो.

बहुतेक लेक्चरला हजेरी नसते, आणि आपली पोरं इथेच फसतात. हिशोब करून बघा. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात. ६ क्रेडिटचा विषय म्हणजे १५० ते १८० तास. त्यातले वर्गात जेमतेम ६० जातात, बाकीचे शंभरेक तास तुमचे तुम्हीच काढायचे. शेवटच्या महिन्यात जुने पेपर सोडवून हे भरून निघत नाही.

हे तास खरे जातात ते ऊबुंगच्या, म्हणजे सरावाच्या तासाच्या शीटवर. माझी पहिली शीट गरम पाइपवरच्या इन्सुलेशनची होती. सूत्र लावलं, आकडे घातले, उत्तर दशांशापर्यंत बरोबर आलं. शीट परत आली तेव्हा मार्जिनमध्ये पेन्सिलने तीन ठिकाणी एकच शब्द होता : ‘वारुम?’ मार्क निम्म्याहून कमी. फार वाईट वाटलं. वारुम म्हणजे आपलं अहिराणीतलं काबर, ‘का बरं?’ उष्णता फक्त बाहेरच्या दिशेनेच जाते असं काबर धरलं? तापमान वेळेनुसार बदलत नाही, हे काबर? मी सूत्र पाठ केलं होतं, ते कुठल्या अटींवर उभं आहे हे कधी लिहिलंच नव्हतं. त्यानंतर प्रत्येक शीटची सुरुवात मी गृहीतकांपासून केली.

प्रोफेसरांची भेटीची वेळ ठरलेली असते. तिथे अडलेली ओळ घेऊन जा. ‘काहीच कळलं नाही’ म्हटलं तर त्यांनाही मदत करता येत नाही.

परीक्षेची नोंदणी पोर्टलवर वेगळी करावी लागते. फी भरली म्हणजे परीक्षेला बसलो, असं नसतं. माझी एका विषयाची तारीख दोन दिवसांनी हुकली आणि पुढच्या सत्रापर्यंत थांबावं लागलं. आपल्या कोर्सची परीक्षा नियमावली पहिल्याच आठवड्यात वाचा. किती वेळा बसता येतं तेही तिच्यात असतं. गुण उलटे : १.० सर्वांत चांगला, ४.० पास, ५.० नापास. घरच्यांना हे आधीच समजावून ठेवा.

आणि निघण्याआधी रोज संध्याकाळी एक सोडवलेलं गणित घरात कुणाला तरी अहिराणीत समजावून सांगा. मी अजून फोनवर वडिलांना सांगतो. त्यांची कपाशीची शेती. बारीक नळीवर इन्सुलेशन चढवलं तर काही जाडीपर्यंत उष्णता उलट जास्त जाते, असं सांगितलं तर ते लगेच म्हणाले, ‘‘मंग आठे उलटं काबर?’’ बाहेरचा पृष्ठभाग वाढतो म्हणून, एवढं मला आलं. किती जाडीपर्यंत, आणि तिथपर्यंतच काबर, यावर मी दोनदा अडखळलो. अडखळलो ती जागा वहीत लिहिली आणि दुसऱ्या दिवशी तीच घेऊन भेटीच्या वेळेला गेलो.