डिस्क गोल्फची सफर : दिवसाला दोनच कोर्स

कॅलिफोर्नियात गाडीने फिरत डिस्क गोल्फ (फ्रिस्बीसारखी चकती कमीत कमी फेकींत टोपलीत टाकायचा खेळ) खेळायचं असेल तर कोर्सची, म्हणजे मैदानांची, यादी नंतर करा, आधी उजेडाचे तास मोजा. अठरा होलच्या, म्हणजे अठरा टोपल्यांच्या, फेरीला अडीच-तीन तास सहज जातात. त्यामुळे दिवसाला दोनच कोर्स, मध्ये जेवण.

सुरुवात लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्हपासून करा. १९७५ साली तयार झालेला हा जगातला पहिला कायमस्वरूपी कोर्स. मग उत्तरेला सांताक्रूझचा डेलाव्हेगा. तिथल्या २७व्या होलवर टेकडीच्या माथ्यावरून खाली डिस्क फेकायची असते, समोर समुद्र! त्या एका फेकीसाठी साडेपाचशे किलोमीटर गाडी चालवणं मला तरी पटतं. फक्त तिथे दमून, अंधार पडताना पोहोचू नका.

निघण्याच्या आदल्या दिवशी यूडिस्क ॲपवर कोर्स चालू आहे का, स्पर्धेसाठी बंद आहे का ते बघाच. बरेच कोर्स मोफत असतात, पण सॅन दिएगोच्या मॉर्ली फील्डसारख्या ठिकाणी फी लागते.

प्रत्येक डिस्कवर नाव आणि फोन नंबर लिहा. उन्हात गाडीत डिस्क ठेवू नका, वाकतात.