स्वस्त इलेक्ट्रिक गिटार घेताना काय बघायचं आणि घरी आणल्यावर काय करायचं

माझी पहिली इलेक्ट्रिक गिटार काळी होती, फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराची आणि त्या दुकानातली सगळ्यात स्वस्त. तिची तिसरी तार, म्हणजे जी, सुरात टिकायचीच नाही. लावायची, दोन कॉर्ड वाजवायच्या, की ती उतरलेली. आठ महिने मी हेच धरून चालले होते की माझा कान कच्चा आहे. मग एका ज्येष्ठ वादकांनी ती गिटार मांडीवर घेतली, तिसऱ्या तारेची खुंटी हळूच पिळली आणि नटपाशी, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीपाशी, ‘टिंग’ असा बारीक आवाज आला. त्यांनी तार सैल करून बाजूला घेतली, पेन्सिलीचं टोक नटच्या खाचेत चार वेळा घासलं, तार परत बसवली आणि लावली. त्या दिवशी तासभर वाजवूनही जी तार हलली नाही.

त्या आठ महिन्यांची हळहळ मला आजही वाटते. नवशिक्याला आपली चूक कुठली आणि गिटारची चूक कुठली हे कळत नाही, आणि तो सगळा दोष स्वतःच्या हाताला आणि कानाला देतो. म्हणून स्वस्त गिटार घ्यावी का, असं कुणी विचारलं की मी ‘जरूर घ्या’ म्हणते, पण त्याबरोबर दोन गोष्टी सांगते: तपासून घ्या, आणि आणल्यावर दोन संध्याकाळी तिच्यासाठी मोकळ्या ठेवा.

स्वस्त गिटार स्वस्त कशी होते हे समजून घेतलं तर काय तपासायचं ते आपोआप कळतं. लाकूड कापायचं काम आता संगणकावर चालणारी यंत्रं करतात, आणि ती महाग गिटारसाठी जितकं नेमकं कापतात तितकंच स्वस्त गिटारसाठीही कापतात. त्यामुळे नेक, म्हणजे गिटारची मान, बॉडीत घट्ट न बसणं, ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा धरणारा भाग, एका बाजूला सरकलेला असणं असे जुन्या स्वस्त गिटारमधले दोष आता क्वचित दिसतात. पैसा वाचवला जातो तो माणसाच्या हाताच्या वेळेत. फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, एका पातळीत घासणं, त्यांच्या कडा गोल करणं, नटच्या खाचा प्रत्येक तारेच्या जाडीप्रमाणे कापणं, शेवटी बसून सेटअप, म्हणजे तारांची उंची वगैरे जुळवणं, ही सगळी हाताची कामं, आणि तीच घाईत होतात. म्हणजे तुम्ही विकत घेता ती बहुतेक वेळा वाईट गिटार नसते, तिचं शेवटचं काम राहिलेलं असतं. ते काम बरंचसं घरी होतं.

स्वस्त साहित्याला नाक मुरडायचंही कारण नाही. डॅनइलेक्ट्रो कंपनीने १९५० च्या दशकात पॉपलर लाकडाच्या चौकटीवर दाबलेल्या भुशाचे बोर्ड लावून गिटार बनवल्या आणि पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारे चुंबकी भाग, लिपस्टिकच्या नळ्यांत बसवले. परवडणारी गिटार म्हणून ती विकली जायची, आणि पुढे लेड झेपेलिनच्या जिमी पेजने तशीच एक गिटार मंचावर वाजवली. नेक स्क्रूने जोडायची लिओ फेंडरची पद्धतसुद्धा उत्पादन आणि दुरुस्ती सोपी व्हावी म्हणून आली. आज ती स्वस्त गिटारवरही असते आणि फार महागड्या गिटारवरही.

आता दुकानात. अ‍ॅम्पला लावायच्या आधी गिटार कोरडीच तपासा. विक्रेता आवाज मोठा करून काहीतरी झणझणीत वाजवून दाखवतो, त्यात सगळे दोष बुडतात.

सगळ्यात आधी नेक. बॉडीची कड डोळ्यासमोर धरा आणि नेकच्या दोन्ही कडांवरून बंदुकीचा नेम धरल्यासारखं बघा. लांबीच्या दिशेने किंचित बाक असेल तर हरकत नाही, तो ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या धातूच्या सळईने, सुधारतो. पण एक कड वर आणि दुसरी खाली, म्हणजे नेकला पीळ पडलेला दिसला, तर गिटार तिथेच ठेवून द्या. पीळ काढायचा खर्च त्या गिटारच्या किमतीला परवडत नाही.

मग तळहात नेकच्या दोन्ही कडांवरून वरपासून खालपर्यंत फिरवा. फ्रेटची टोकं करवतीसारखी टोचली तर समजा की लाकूड सुकून आकसलंय आणि धातू होता तिथेच राहिलाय. हे बारीक कानशीने घरी निघतं, पण बोटांना ओरखडे पडत असतील तर टोकं जागोजागी टोचतात की एक-दोनच ठिकाणी, हे बघून ठरवा.

त्यानंतर वेळखाऊ काम, आणि याला कंटाळू नका. प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट, एकेक सूर मध्यम जोराने वाजवा. सहा तारा आणि २१ किंवा २२ फ्रेट, दहा मिनिटांचं काम आहे. कुठे सूर झणझणतो, कुठे मरतो ते लक्षात ठेवा. तंबोऱ्याला जवारी शोभते, गिटारच्या एकाच सुराला अचानक लागलेली झणझण म्हणजे बहुधा पुढचा फ्रेट उचललेला असतो. बाराव्या फ्रेटच्या पुढे पातळ तारांवर पूर्ण स्वराचा बेंड घ्या, म्हणजे तार बाजूला ओढून सूर तेवढा चढवा. बेंड चढताना सूर मध्येच बंद पडला तर तिथेही तेच दुखणं.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीच्या गिटारवर असंच व्हायचं. दुसऱ्या तारेवर चौदाव्या फ्रेटवर बेंड घेतला की सूर गळा दाबल्यासारखा थांबायचा, आणि ती मला सांगायची की माझ्या बोटात ताकद नाही. आम्ही एक जुनं प्लॅस्टिकचं कार्ड अशा लांबीचं कापलं की त्याची उभी कड एका वेळी तीनच फ्रेटवर टेकेल. कार्ड एकेक फ्रेट पुढे सरकवत नेलं. पंधरा, सोळा, सतरावर आलं आणि कार्ड टकटक डोलायला लागलं, म्हणजे मधला सोळावा उंच. नीट बघितलं तर त्याचं एक टोक लाकडातून केसभर वर आलं होतं. नेकखाली घडी घातलेला टॉवेल ठेवून प्लॅस्टिकच्या तोंडाच्या हातोडीने तीन हलके ठोके दिले, तो बसला. बेंड पूर्ण चढला तेव्हा तिने गिटारकडे न बघता स्वतःच्या बोटांकडे बघितलं.

एखादा फ्रेट असा असेल तर चालेल. पाच-सहा ठिकाणी असेल तर दुसरी गिटार मागा, त्याच मॉडेलची चालेल. स्वस्त गिटारमध्ये एकाच मॉडेलच्या दोन नगांत बराच फरक पडतो, त्यामुळे इंटरनेटवरचं कौतुक त्या मॉडेलचं असतं, तुमच्या हातातल्या नगाचं नव्हे.

तारांची उंची पट्टीने मोजा. बाराव्या फ्रेटवर तारेच्या खालच्या बाजूपासून फ्रेटच्या माथ्यापर्यंत १.६ मिलिमीटरच्या आसपास असेल तर आरामात वाजते, जाड तारांना दोनपर्यंत चालतं. जास्त असेल तर घाबरू नका, पण ब्रिजवरची सॅडल, म्हणजे तार जिच्यावर टेकते तो तुकडा, बघा. ती खाली यायला जागा शिल्लक असेल तर प्रश्न सुटला. सॅडल तळाला टेकलेली आणि तारा तरीही उंच, तर नेकचा कोन चुकलाय. स्क्रूची नेक असेल तर तिच्या बुडाशी पातळ पाचर घालून तो सुधारतो. चिकटवलेल्या नेकला तो उपाय नाही.

आता अ‍ॅम्पला लावा. व्हॉल्यूम आणि टोनचे नॉब फिरवताना खरखर आली तर ती धुळीची, इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट साफ करायच्या स्प्रेने बहुतेकदा जाते. जॅकमध्ये केबल हलवून आवाज तुटतो का बघा. सिंगल कॉइल, म्हणजे तारेच्या एकाच गुंडाळीचे, पिकअप थोडे गुणगुणतातच. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी व्हायला हवी. काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजची अर्थिंगची वायर सुटलेली असण्याची शक्यता मोठी.

एका बाबतीत मी हट्टी आहे. पहिली आणि स्वस्त गिटार असेल तर न हलणारा ब्रिज घ्या. नट आणि ब्रिज दोन्हीकडे तारा लॉक करणारा ट्रेमोलो, म्हणजे दांड्याने हलणारा ब्रिज, स्वस्तात घेऊच नका. तो ज्या धारांवर झुलतो त्या मऊ धातूच्या असल्या तर लवकर झिजतात, आणि एक तार बदलताना बाकी पाचही बेसूर होतात. स्ट्रॅटसारखा साधा ट्रेमोलो असेल तर मागचं झाकण काढून स्प्रिंगांना धरणारे दोन स्क्रू आवळा आणि ब्रिज बॉडीला टेकवून ठेवा. दांडा नंतर शिका.

घरी आणल्यावर पहिल्या संध्याकाळी तारा बदला. कारखान्यातून आलेल्या तारा किती दिवस लटकून होत्या कुणास ठाऊक. नवशिक्याला ९ ते ४२ चा सेट (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) बोटांना सोपा जातो. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत, आणि लावल्यावर प्रत्येक तार मधोमध धरून हलकेच ओढा, पुन्हा लावा, असं ती उतरायची थांबेपर्यंत करा. खुंट्या खराब आहेत म्हणून त्या बदलायला निघालेल्या निम्म्या लोकांचं काम एवढ्यावर भागतं.

मग नेकचा बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा, शेवटच्या फ्रेटवर सहावी तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघा. छपाईच्या साध्या कागदाची दोन-तीन पानं सरकतील एवढी, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास असावी. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने, तार फ्रेटला टेकलेली असेल तर उलट. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि दर वेळी गिटार पुन्हा लावून मोजा. चावी नेमक्या मापाची घ्या. रॉड हलत नसेल तर जोर करू नका, जाणकाराकडे न्या.

नटसाठी घाई करू नका. तिसऱ्या फ्रेटच्या जरा मागे तार दाबली की पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट दिसायला हवी. फट मोठी असेल तर पहिल्या फ्रेटवरचे सगळे सूर चढे लागतात आणि एफ कॉर्ड बोटं दुखवते. कितीतरी जण त्याच कॉर्डवर गिटार सोडतात. खाचा खोल करणं हे योग्य जाडीच्या कानशीचं काम आहे, ते अनुभवी हातांकडून करून घ्या, कारण खाच जरा जास्त खोल गेली तर मोकळी तार झणझणते आणि नटच बदलावा लागतो. खाच नुसती अडकत असेल तर मात्र घरचा उपाय आहे. आधी पेन्सिल. तिने भागलं नाही तर त्याच जाडीच्या जुन्या तारेच्या तुकड्याला किंचित टूथपेस्ट लावून खाचेत दहा-बारा वेळा मागेपुढे ओढा, कल खुंट्यांच्या दिशेने ठेवा, पुसून घ्या. खाचेच्या भिंती गुळगुळीत होतात, खोली फारशी वाढत नाही. ‘टिंग’ गेला की थांबा.

बाराव्या फ्रेटवरचं हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर, आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवून बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल नेकपासून लांब, उतरता असेल तर जवळ. हे सगळ्यात शेवटी करा, कारण उंची बदलली की हेही बदलतं.

पिकअप बदलायची घाई नको. आवाज चिकट किंवा गढूळ वाटला तर आधी पिकअपची उंची कमी करून बघा. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांच्यात दोन ते अडीच मिलिमीटर ठेवा. सिंगल कॉइलची चुंबकं फार जवळ असली की तार ओढली जाते आणि सूर लडबडतो. स्वस्त सिरॅमिक चुंबकाचे पिकअपही, नीट उंचीवर ठेवले तर, शिकायला आणि छोट्या कार्यक्रमांना पुरतात. तो पैसा अ‍ॅम्पला द्या. गिटारबरोबर खोक्यात येणारा बोटभर स्पीकरचा अ‍ॅम्प कुठलीही गिटार डब्यात वाजल्यासारखी करतो, आणि लोक दोष गिटारला देतात. मी गिटार आणि अ‍ॅम्प वेगवेगळे घ्यायला सांगते. बजेट अगदीच कमी असेल तर चांगला हेडफोन आणि संगणकावरचं अ‍ॅम्पचं सॉफ्टवेअर त्या खोक्यातल्या अ‍ॅम्पपेक्षा खूप बरं.

हे सगळं झालं की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर लिहा: तारीख, तारांची जाडी, सहाव्या आणि पहिल्या तारेची उंची, नेकची फट. मागे झाकण नसेल तर गिटारच्या केसच्या आत लावा. हवा बदलली आणि गिटार वेगळी वाटायला लागली, की आधी ती पट्टी वाचा आणि मोजा. माझ्या काळ्या गिटारमध्ये अशा अकरा पट्ट्या आहेत, एकाखाली एक, आणि पहिलीवर फक्त एवढंच लिहिलंय: ‘जी, पेन्सिल.’