पहिला बर्फ पडला की लगेच कुत्रा जुंपू नका: स्कीजोरिंगमधल्या चुका

नोव्हेंबरात कोलोराडोच्या डोंगरात पहिला फूटभर बर्फ पडला की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, उद्या कुत्र्याला घेऊन निघू का?" दर वर्षी मी नाहीच म्हणते, आणि दर वर्षी कुणीतरी निघतंच. स्कीजोरिंग म्हणजे स्कीवर उभं राहून कुत्र्याकडून स्वतःला ओढून घ्यायचं. पायात स्की, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर आणि दोराच्या पुढच्या टोकाला ओढणारा कुत्रा, एवढंच सामान दिसतं. म्हणून लोकांना वाटतं की हे आजच जमेल. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! पण इथे उतावीळपणा आपला आणि दुखापत मुक्या जनावराला.

ताजा बर्फ म्हणजे तयार बर्फ नव्हे. आमच्याकडे २,८०० मीटरवर पडणारा बर्फ कोरडा आणि पिंजलेल्या कापसासारखा असतो. ओंजळभर घेऊन दाबला तर लिंबाएवढा गोळा उरतो. त्याच्याखाली दगड, आडवी पडलेली खोडं, विलोची झुडपं जशीच्या तशी असतात. जानेवारीत त्यांच्यावर घट्ट थर बसतो, नोव्हेंबरात नुसतं पांघरूण असतं. कुत्र्याचा पाय त्यात जातो आणि फांदीत अडकतो, मागून तुम्ही वेगात येत असता.

माझी सवय अशी: पहिल्या दिवशी माझ्या कुत्र्याला, बंड्याला, घरी ठेवते. हिवाळ्यात गाड्यांना बंद असलेल्या जंगलखात्याच्या कच्च्या रस्त्यावर एकटीच स्की करत जाते आणि काठी टोचत राहते. टोक खट्‌कन दगडाला लागलं की तो आठवडा बाद. नाही लागलं, तर जाऊन-येऊन पायवाट दाबून ठेवते. रात्रीच्या थंडीत ती आवळून घट्ट होते आणि दुसऱ्या दिवशी कुत्रा तिच्यावरून पळतो. न दाबलेल्या बर्फात तो पळत नाही, पोहतो. बर्फ त्याच्या पुढच्या पायाच्या कोपराच्या वर गेला की मी परत फिरते.

दुसरी चूक दोराची, आणि ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. डेन्व्हरहून आलेला एक तरुण, कुत्री तगडी, उत्साह भरपूर. क्विक रिलीजचा, म्हणजे एका झटक्यात दोर सोडता येणारा, पट्टा घेण्याऐवजी त्याने पाठपिशवीच्या कंबरपट्ट्यात साधा कॅराबिनर (गिर्यारोहकांची धातूची कडी) अडकवला होता. मी म्हटलं, "हे नको रे." "ताई, आजच्या दिवस चालेल." मला तेव्हाच त्याला थांबवायला हवं होतं. वळणावर विलोत मूसची, म्हणजे घोड्याएवढ्या थोरल्या हरणाची, मादी उभी. मूसला कुत्रा म्हणजे लांडगाच वाटतो. तिने कान मागे पाडले, मानेवरचे केस उभे राहिले. कुत्री सुटली, हा पडला, एक स्की बर्फातल्या खोडाखाली रुतली, आणि दोर ताणलेला. ताणाखालचा कॅराबिनर हाताने उघडत नाही. मी पुढे जाऊन कुत्रीला हार्नेसला, म्हणजे तिच्या अंगावरच्या ओढायच्या पट्ट्यांना, धरून मागे ओढलं, दोर सैल झाला, तेव्हा कुठे तो सुटला. मूस आपणहून निघून गेली, हे आमचं नशीब. त्याचा गुडघा मात्र पिरगळला आणि तो अख्खा मोसम घरात बसला.

म्हणून क्विक रिलीज घ्याच, आणि तो हातमोजे घालून, दोर ताणलेला असताना, डोळे मिटून उघडता आला पाहिजे. मी घराच्या खांबाला दोर बांधून दर मोसमाला वीस वेळा उघडते. दोरही लवचिक तुकडा असलेला, अडीच-तीन मीटरचा हवा. नाहीतर प्रत्येक झटका कुत्र्याच्या खांद्यांत आणि तुमच्या कमरेत.

धातूच्या कडांच्या स्की वापरू नका. कुत्र्याच्या पायाची शीर कापली जाते.

गळपट्ट्याला दोर बांधू नका. ओढण्याचा हार्नेस वेगळा असतो.

वर्षाच्या आतल्या पिल्लाला जुंपू नका, हाडं अजून वाढत असतात.

स्वतःला स्कीवर थांबता येत नसेल, तर आधी ते शिका. कुत्रा म्हणजे ब्रेक नव्हे.

आज्ञांमध्ये घरात एकमत ठेवा. उजवीकडे 'जी', डावीकडे 'हॉ' हे इथले रूढ शब्द, पण मराठी शब्दही कुत्रा तितकेच शिकतो. आम्ही 'हळू' आणि 'थांब' मराठीतच ठेवलेत. 'चल' मात्र नाही. 'चल जेवायला', 'चल आत' असं दिवसातून चाळीस वेळा म्हणतो आपण, त्याने कुठल्या 'चल'ला पळायचं? निघायला आम्ही 'हाइक' म्हणतो. आणि हे सगळं बर्फ पडायच्या आधी, ऑक्टोबरात, पायी पळताना शिकवायचं.

शेवटचं पंजांचं. तापमान शून्याच्या आसपास असलं की ओलसर बर्फ बोटांमधल्या केसांना चिकटतो आणि त्याचे कडक गोळे होतात. कुत्रा लंगडायला लागतो, थांबून पाय चावतो, आणि लोक त्याला आळशी म्हणतात! निघण्यापूर्वी बोटांमधले केस कापा, पंजांना मेण लावा, फार होत असेल तर मोजे घाला. तरी गोळा झालाच, तर ओढून काढू नका, केसांसकट कातडी सोलते. मी हातमोजा काढते, बर्फात गुडघे टेकते आणि पंजा तळहातात धरून बसते. गोळा वितळून पाणी मनगटावरून ओघळायला लागलं की पुढचा पंजा.