शुक्रवारचा सूर्यास्त आणि स्पर्धेची चिठ्ठी: गाणाऱ्या ज्यू मुलांच्या घरच्यांसाठी

कोल्हापुरात सिनेगॉग नाही. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा आपला विश्रांतीचा दिवस, किती वाजता लागतो, कुठला सण कधी, हे सांगायला शेजारीपाजारी कुणी नसतं. आपलं आपणच बघायचं. आम्ही अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, यांच्या नोकरीपायी राजारामपुरीत येऊन राहिलो. लेक कॉलेजात आहे, ख्याल गाते, आणि युवा महोत्सवापासून तालीम मंडळाच्या गणेशोत्सवातल्या स्पर्धेपर्यंत कुठंही नाव द्यायला एका पायावर तयार असते. पुण्या-मुंबईची आमची माणसं विचारतात, हे सगळं जमवता कसं? म्हणून हे लिहिलं.

पहिलं काम कॅलेंडरचं. स्पर्धेची नोटीस लागली की फॉर्म भरायच्या आधी तारखा हिब्रू कॅलेंडरशी ताडून बघा. आपले मोठे सण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात आणि कॉलेजांचे सांस्कृतिक कार्यक्रमही नेमके त्याच सुमाराला. 2026 मध्ये रोश हाशाना, म्हणजे नवं वर्ष, 12 आणि 13 सप्टेंबरला, किप्पूर हा उपासाचा दिवस 21 ला, सुक्कोथ, म्हणजे मांडवांचा सण, 26 पासून. प्रत्येक सण आदल्या संध्याकाळीच लागतो, म्हणजे किप्पूरचा उपास 20 तारखेच्या रविवारी सूर्यास्तापासून धरायचा. शिवाय 14 ला गणेश चतुर्थी. त्या पंधरवड्यात जे काही ठरेल त्यात आपली एक तरी तारीख अडकणार हे धरूनच चाला. उपासाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गायचं असेल तर मी नकोच म्हणते. पंचवीस तास पाण्याचा थेंब नसतो, घसा कोरडा पडलेला असतो, आणि षड्ज लावतानाच ते कळतं.

वेळेबद्दल एक बारकी गोष्ट. घरात मुंबईचं ज्यू कॅलेंडर असतं आणि आपण त्यातलीच शब्बाथच्या दिवाबत्तीची वेळ धरतो. कोल्हापूर मुंबईच्या पूर्वेला आणि दक्षिणेला आहे, त्यामुळे जूनमध्ये इथे सूर्य नऊ-दहा मिनिटं आधी मावळतो. डिसेंबरात फरक जेमतेम मिनिट-दोन मिनिटांचा राहतो. दिवा सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी लावायचा, तेव्हा कोल्हापूरचाच सूर्यास्त बघा. वर्तमानपत्रात नाहीतर मोबाइलवर मिळतो.

आता हिशोब उलटा करायचा. सप्टेंबरअखेरीस इथे सूर्य साधारण साडेसहाला मावळतो. म्हणजे सहा-दहाला दिवा, साडेपाचला घरात, पाचला हॉलमधून बाहेर. मग गाणं चारला संपलेलं हवं. आणि आपल्याकडे कार्यक्रम वेळेवर कधी सुरू झालाय? पाहुणे येणार, दीपप्रज्वलन होणार, शाल-श्रीफळ होणार, आणि दहाचा कार्यक्रम साडेअकराला हलणार. म्हणून मी चारची वेळ मागायची असेल तर दोनची मागते. स्पर्धा साताऱ्याला असेल तर शुक्रवारी परतीच्या प्रवासाचा भरवसाच नाही. एकतर सकाळचा क्रम घ्या, नाहीतर त्याच गावात ओळखीच्या घरी मुक्काम ठरवा आणि चालत जाण्याइतक्या अंतरावरचं घर निवडा.

सोयीची वेळ मागणारं पत्र गाण्याच्या क्रमाच्या चिठ्ठ्या निघायच्या आधी द्या, नंतर नाही. चिठ्ठ्या निघाल्यावर संयोजकांचे हात बांधलेले असतात. एकाला वेळ बदलून दिली की बाकीचे भांडायला येतात. पत्र मुलीच्या सहीचं असावं, कॉलेजच्या सांस्कृतिक विभागाच्या सरांमार्फत जावं, आणि त्यात धर्मावर प्रवचन नसावं. आमचं पत्र असं असतं: "मी ज्यू आहे. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत मला वाद्य, माइक आणि वाहन वापरता येत नाही. माझं गायन शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत किंवा रविवारी कधीही ठेवावं ही विनंती. क्रम बदलायचा झाल्यास दुसऱ्या स्पर्धकाची लेखी संमती मी आणून देईन." शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. सर लोकांची खरी अडचण धर्माची नसते, वेळापत्रकाची असते, आणि ती तुम्ही सोडवून दिलीत की ते हसून "बघतो की" म्हणतात. महाराष्ट्र शासनानं 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिलाय हे खरं, पण तो कागद पत्राला जोडू नका. सवलत मागायला जाताना वकिली सूर लागला की समोरचा फाइल उघडून बसतो.

नाहीच जमलं तर? तर त्या प्रकारातून नाव काढायचं, महोत्सवातून नाही. शास्त्रीय गायन शनिवारी असेल तर रविवारचं नाट्यसंगीत बघा. समूहगीताच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. तारीख पक्की कळल्याशिवाय समूहात नाव द्यायचं नाही, साथीलाही बसायचं नाही. एकट्याचं गाणं बुडालं तर नुकसान आपलं. समूहात आपण ऐनवेळी नाही म्हणालो तर बाकीच्या पोरांच्या तालमी वाया जातात, आणि मग धर्माचं नाव खराब होतं ते वेगळंच.

शब्बाथला काय चालतं, काय नाही, यावर घराघरात फरक आहे. आमच्या घरचं सांगते. नुसत्या गळ्यानं गाण्याला बंदी नाही. जेवणाच्या टेबलावर आम्ही गातोच. बंदी वाद्याला आहे, आणि तिचं जुनं कारण असं की वाजवताना वाद्य बिघडलं तर माणूस सहज दुरुस्त करायला बसेल. तंबोरा लावणाऱ्या कुणालाही हे चटकन पटेल. माइक आणि मोबाइलवरचा तानपुरा विजेमुळे बाद. "पेटी सर वाजवतील, तू फक्त गा" असंही सुचवलं जातं, पण आपल्यासाठी दुसऱ्याला कामाला लावणं हाही त्याच बंदीत येतो, शिवाय समोर माइक असतोच. म्हणून शनिवारी स्पर्धेत गायचं नाही, विषय संपला. ऐकायला जाता येतं. गावात चालण्याला हरकत नाही, त्यामुळे राजारामपुरीतून खासबागेकडे देवल क्लब या गायनसंस्थेत आम्ही चालत जातो. शंका असेल तर पुण्याच्या किंवा मुंबईच्या हझानांना, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना, आठवड्याच्या मधल्या वारी फोन करा.

मोबाइल बंद असतो, ही खरी पंचाईत. रविवारच्या स्पर्धेची वेळ हमखास शनिवारी दुपारी बदलते आणि ग्रुपवर पडते. यावर उपाय एकच. गुरुवारीच एका मैत्रिणीला सांगून ठेवायचं की काही बदल झाला तर घरी येऊन सांग. लेकीची एक मैत्रीण शाहूपुरीतून येते, बेल वाजवत नाही, दार ठोठावते, निरोप देते आणि खिरीची वाटी संपवून जाते.

रविवारी सकाळी गायचं असेल तर शनिवारची रात्र नीट आखा. शुक्रवारी दुपारी तंबोरा गवसणीतून काढून कोपऱ्यात उभा करून ठेवायचा, जुन्या तारा त्याच वेळी बदलायच्या. नवी तार रात्रीतून उतरते, तिला दिवस मिळायला हवा. तारे दिसले की हावदाला, म्हणजे शब्बाथला निरोप. मेणबत्ती, मनुकांचं सरबत, वासाला लवंगा. लवंगेचा वास हाताला असतानाच लेक तंबोरा मांडीवर घेते, आधी जोडाच्या तारा मिळवते, मग घोडीवर तारेखालचा दोरा, तोच तो जीव, नखानं केसभर मागे-पुढे करते. जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, खुलली की तिचा चेहराच सांगतो. मिरजेचा तंबोरा आहे, पण पावसाळ्यात कोल्हापूरची हवा कुणाचंच ऐकत नाही. त्या रात्री एक बंदिश, दोन आवर्तनं विलंबित, बास. दिवसभर गळ्याला विश्रांती मिळालेली असते, ती उगाच उधळायची नाही.

वेळापत्रकाइतकाच अवघड भाग व्यासपीठावरचा. उद्घाटनाला सरस्वतीच्या तसबिरीला हार घालायला स्पर्धकांनाच पुढं करतात. आपल्याला मूर्तीपुढे वाकता येत नाही. तिथे वाद घालू नका. थोडं मागे उभं राहा, हार शेजारच्या मुलीच्या हातात द्या. कुणाच्या लक्षातही येत नाही. बंदिशीचं म्हणाल तर देवतेची स्तुती असलेली आम्ही टाळतो आणि ऋतूची, विरहाची घेतो. अशा चिजा भरपूर आहेत. द्रुत अंगाला तराणा उत्तम, त्यात अर्थाचा प्रश्नच उरत नाही. हे गाण्याच्या बाईंना पहिल्या महिन्यातच सांगा, स्पर्धेच्या आठवड्यात नाही. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गवई म्हणून ठेवलं, त्या गावातल्या गाणाऱ्या मंडळींना अशा गोष्टीचं नवल वाटत नाही. भक्तिगीताचा गट असेल तर आपल्या घरचंच काढा. बेने इस्राएलांत 1880 च्या सुमारास मराठी कीर्तनं सुरू झाली, अब्राहाम आणि योसेफाच्या कथा साकी-दिंडीत बांधलेल्या. घरात एखाद्या आजीला नक्की आठवत असतील.

पेसाह, म्हणजे वल्हांडण सणानंतरचे ओमेरचे मोजणीचे दिवस, आणि हिब्रू कॅलेंडरातल्या तम्मूझ महिन्याच्या 17 पासून आव महिन्याच्या 9 पर्यंतचे शोकाचे तीन आठवडे, यांत बरेच लोक गाणं-बजावणं टाळतात. तुमच्या घरी पाळत असतील तर तेवढ्या स्पर्धा सोडून द्या.

जेवणाचं फार सोपं आहे. हॉलबाहेर तांबड्या रश्श्याचा कितीही वास येवो, ते मटण आपल्या रीतीनं कापलेलं नसतं, म्हणून आपलं नाही. मिसळ खायची, फक्त गाण्याच्या आधी नाही.

राहिला बक्षीस समारंभ, तो बहुधा शनिवारी संध्याकाळीच ठेवतात. चालत जा, टाळ्या घ्या, पण ढाल घरी आणायचं काम मैत्रिणीवर सोपवायचं असेल तर ते तिला शुक्रवारीच सांगा. रोख रकमेचं पाकीट असेल तर तिथे हात लावता येत नाही आणि पावतीवर सहीही करता येत नाही. सरांना आधी सांगून ठेवा आणि सोमवारी ऑफिसातून घ्या. जाताना ओळखपत्राची झेरॉक्स न्या, तिच्याशिवाय ते देत नाहीत.