कर्नलमध्ये बाइट वाचायला शिकताना

कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, कामात नव्याने येणारी मुलं हमखास विचारतात: इन्स्ट्रक्शनचे बाइट बनवणारा असेंबलर आहे, बाइटांवरून इन्स्ट्रक्शन दाखवणारा डिसअसेंबलर आहे, मग इन्स्ट्रक्शन एन्कोडिंग, म्हणजे कोणत्या इन्स्ट्रक्शनचे कोणते बाइट, हे हाताने कशाला शिकायचं? माझ्या मते शिकायलाच हवं. कर्नलला स्वतःचा चालता कोड डेटासारखा वाचावा लागतो, दुसरीकडे कॉपी करावा लागतो, आणि मशीन चालू असतानाच बदलावाही लागतो.

सुरुवात इंटेलच्या जाडजूड मॅन्युअलने करू नका. लिनक्सचा एखादा ऊप्स संदेश, म्हणजे कर्नल चुकल्यावर तो छापतो तो अहवाल, घ्या. त्यात 'कोड' या नावाची ओळ असते. क्रॅशच्या आसपासचे बाइट तिथे छापलेले असतात आणि प्रोसेसर जिथे अडला तो बाइट < > अशा खुणेत असतो. कर्नल सोर्समधली डीकोडकोड ही स्क्रिप्ट ती ओळ उलगडून देते. पण आधी कागद-पेन घेऊन बसा.

एक्स८६-६४ वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या ६४ बिट प्रोसेसरांवर, बऱ्याच फंक्शनांच्या सुरुवातीला दिसणारे हे तीन बाइट (हेक्समध्ये) पाहा: ४८ ८९ ई५. ४८ हा रेक्स प्रीफिक्स, म्हणजे काम ६४ बिटांवर. ८९ म्हणजे मूव्ह, एका रजिस्टरमधून (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणीच्या जागेतून) दुसऱ्या रजिस्टरमध्ये किंवा मेमरीत. ई५ हा मॉडआरएम बाइट, कुठून कुठे न्यायचं ते सांगणारा. त्याचे बिट ११ (मॉड), १०० (इथे कुठून) आणि १०१ (आरएम, इथे कुठे) असे पाडा. ११ म्हणजे मेमरीचा संबंध नाही, दोन्हीकडे रजिस्टरच. १०० म्हणजे आरएसपी हे रजिस्टर, १०१ म्हणजे आरबीपी. आरएसपीची किंमत आरबीपीत गेली.

आता एक बाइट सोडून वाचा. ८९ ई५ ही सुद्धा वैध इन्स्ट्रक्शन आहे, पण ३२ बिटांची. तिने आरबीपीचे वरचे ३२ बिट शून्य होतील. अजून एक सोडला, तर ई५ म्हणजे आय/ओ पोर्टवरून (बाहेरच्या उपकरणाकडून) ईएएक्स या रजिस्टरमध्ये वाचन, आणि पुढचा जो बाइट असेल तो पोर्टचा नंबर ठरतो! एक्स८६ ची इन्स्ट्रक्शन १ ते १५ बाइटांची असते आणि ती कुठे सुरू होते याची खूण बाइटांत नसते. म्हणून डीकोडकोडच्या पहिल्या काही ओळी कधी कधी असंबद्ध दिसतात. त्यांवर वेळ घालवू नका.

केप्रोब्ज, म्हणजे चालत्या कर्नलमध्ये हव्या त्या जागी लावायचे तपासणी-बिंदू, लावताना कर्नल फंक्शनच्या सुरुवातीपासून डीकोड करत येतं, तेही याचसाठी: दिलेला पत्ता खरोखर इन्स्ट्रक्शनच्या सीमेवर आहे ना, हे उलटं वाचून कळत नाही. मग तिथे सीसी हा एका बाइटचा ब्रेकपॉइंट बसतो आणि मूळ इन्स्ट्रक्शनची प्रत दुसरीकडे चालवली जाते. मॉडआरएममध्ये मॉड ००, आरएम १०१ असेल तर मेमरीचा पत्ता पुढच्या इन्स्ट्रक्शनपासून मोजलेला असतो. जागा बदलली की आकडाही दुरुस्त करावा लागतो. कर्नलचा स्वतःचा डीकोडर यासाठी आहे. एक्स८६ च्या लिब फोल्डरातली ऑपकोड मॅपची फाइल आणि इन्सन डॉट सी जोडीने वाचा. मला त्यातून जेवढं मिळालं तेवढं कुठल्याच ट्युटोरियलमधून मिळालं नाही.

चालता कोड बदलणं हा मला सगळ्यात सुंदर वाटणारा भाग. जंप लेबलमध्ये, म्हणजे कोडमधली एखादी वाट चालू-बंद करण्याच्या सोयीत, ५ बाइटांचा नॉप (काहीच न करणारी इन्स्ट्रक्शन), म्हणजे ०एफ १एफ ४४ ०० ००, काढून ई९ ने सुरू होणारा जंप ठेवायचा असतो. त्याच क्षणी दुसरा कोर अर्धे जुने, अर्धे नवे बाइट उचलू शकतो. म्हणून आधी पहिल्या बाइटवर सीसी, सगळे कोर सिंक. मग उरलेले ४ बाइट, पुन्हा सिंक. शेवटी पहिला बाइट. मधल्या वेळात कुणी सीसीवर आलाच, तर ट्रॅप हँडलर नव्या इन्स्ट्रक्शनचं काम करून त्याला पुढे पाठवतो.

हे जड वाटत असेल तर आधी क्यूएमू या एम्युलेटरवर रिस्क-फाइव्ह हा खुला प्रोसेसर-संच आणि एमआयटीची शिकवण्यासाठीची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम एक्सव्ही६ घ्या. आयआयटी मद्रासचा शक्ती प्रोसेसरही रिस्क-फाइव्हच आहे, तेव्हा ही मेहनत इथेही कामी येते. खालचे दोन बिट ११ असतील तर नेहमीची ४ बाइटांची इन्स्ट्रक्शन, नाहीतर २ बाइटांची. लांबीचा प्रश्न मिटला. त्रास इमिजिएटचा, म्हणजे इन्स्ट्रक्शनमध्येच लिहिलेल्या आकड्याचा: जाल या जंप इन्स्ट्रक्शनमध्ये त्याचे बिट २०, १० ते १, ११, १९ ते १२ अशा क्रमाने विखुरलेले असतात. मोठा आकडा भरणाऱ्या लुई (वरचा भाग) आणि अ‍ॅडआय (खालचा भाग) जोडीत खालचे १२ बिट चिन्हासह धरले जातात, म्हणून वरचा भाग काढण्याआधी हेक्समधले ८०० मिळवावे लागतात. आणि कोड बदलल्यावर नवा कोड दिसावा म्हणून चालवायची फेन्स डॉट आय ही इन्स्ट्रक्शन फक्त त्याच हार्टपुरती (रिस्क-फाइव्हमध्ये कोरसारख्या एककाला हार्ट म्हणतात) लागू होते. बाकीच्या हार्टना इंटरप्ट पाठवून ती त्यांच्याकडूनही चालवून घ्यावी लागते.