आजोबांचं १९४७ चं मेडल सापडलंय? घासायच्या आधी हे वाचा

जुन्या ट्रंकेत मेडल सापडलं की घरातलं कुणीतरी लगेच चिंच नाहीतर पितांबरी घेऊन बसतं. थांबा जरा. आधी ते कसलं आहे ते बघा.

रिबन केशरी-पांढरी-हिरवी, तिन्ही पट्टे सारख्या रुंदीचे असतील तर बहुतेक ते स्वातंत्र्याचं मेडल, १५ ऑगस्ट १९४७ ला सैन्यात नोकरीला असलेल्यांना मिळालेलं. हे शौर्यपदक नाही हां, स्टेटस टाकायच्या आधी एवढं लक्षात ठेवा. पुढच्या बाजूला अशोकचक्र आणि त्याच्या डोक्यावर चक्क मुकुट, कडेनं लॅटिनमध्ये सहाव्या जॉर्जचं नाव. हे बघून लोक म्हणतात डुप्लिकेट आहे, पण नाही हो, २६ जानेवारी १९५० पर्यंत कागदोपत्री राजा तोच होता की! मागे सिंहमुद्रा, वर इंग्रजीत इंडियन इंडिपेन्डन्स, खाली तारीख.

खरा माल मेडलच्या जाडीच्या कडेवर असतो. मेडल उभं धरा, खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा मारा आणि हळूहळू फिरवा, म्हणजे ठोकलेली अक्षरं सावलीत वर येतात, नंबर, हुद्दा, नाव, पलटण. एसइपी म्हणजे सिपाही, एसपीआर म्हणजे सॅपर (इंजिनिअर पलटणीतला जवान), आरआयएएससी म्हणजे रसद-वाहतूकवाले. थोडं फिरवत फिरवत चारी बाजूंनी फोटो काढा. मराठा पलटण निघाली तर त्यांचं सेंटर बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, चौकशी तिथल्या रेकॉर्ड ऑफिसला करायची आणि त्यासाठी तो नंबर लागतोच. पत्र कसं लिहायचं ते आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

म्हणून घासू नका. पॉलिशनं ही अक्षरं झिजतात. मऊ सुती कापडानं धूळ पुसली की बास, रिबन तर धुवूच नका, रंग एकमेकांत उतरतात. सराफाकडे नेऊन उपयोग नाही, तांबं-निकेलचं आहे, चांदी नाही. (पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल मात्र बहुतेक चांदीचं असायचं, ती कितीतरी वितळवली लोकांनी, काय बोलायचं.)

फ्रेम करायची तर नव्या पेठेत नाहीतर कुठंही करा पण फेव्हिकॉलनं चिकटवू देऊ नका, रिबनमधून दोरा ओवून बांधायला सांगा, आणि आपलं एप्रिल-मेचं ऊन माहितीय ना, उन्हाच्या भिंतीवर टांगलं तर रिबनचा रंग उडतो.