लोकलला इंजिन

मुंबईच्या एका दैनिकात व्यंगचित्रकार म्हणून लागलो आणि दुसऱ्याच आठवड्यात पॉकेट कार्टूनमध्ये, म्हणजे एका कॉलमाच्या छोट्या चित्रात, लोकलला पुढे वेगळं इंजिन जोडलं. वर्धा स्टेशनवर जे पाहत आलो, तेच हातातून उतरलं. रात्रीच्या घाईत डेस्कवरही कुणाच्या लक्षात आलं नाही. सकाळी वाचकांचे फोन सुरू. विनोद बरा होता, पण लोक हसले इंजिनाला; लोकलला ते वेगळं नसतंच.

मी विदर्भातल्या घाटंजीकडच्या खेड्यातला. हात बसला तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, खडूनं. तिथे मिशी जरा वाकडी काढली की अख्खं गाव ओळखायचं, कोण ते. मुंबईत तुमचा सरपंच कुणाला ठाऊक? आणि त्यांचा नगरसेवक तुम्हाला? म्हणून आपल्याकडून निघणाऱ्या पोरांनो, पहिले सहा महिने विनोद कमी सुचले तरी चालतील, वही घेऊन भटका. पोलिसाची टोपी, बसस्टॉपचा खांब, कटिंगचा ग्लास कसा धरतात, सगळं उतरवून घ्या.

व्यंगचित्रकार अबू अब्राहम केरळातल्या मावेलिक्कराचे. १९५३ मध्ये लंडनला गेले, १९५६ पासून तिथल्या 'ऑब्झर्व्हर' या वर्तमानपत्रात. 'अब्राहम' वाचून लोक चित्रांचा भलताच अर्थ लावतील म्हणून संपादकांनी सही नुसती 'अबू' करायला लावली. परक्या गावात सहीचाही विचार करावा लागतो तो असा. १९६९ मध्ये ते परतले, आणि आणीबाणीत बाथटबमधूनच अध्यादेशावर सही करून देणारे राष्ट्रपती त्यांनीच काढले. न्यूझीलंडचा व्यंगचित्रकार डेव्हिड लो तर लंडनच्या 'इव्हिनिंग स्टँडर्ड'मध्ये गेला तेव्हा मालकाची मतं त्याच्या उलट होती. चित्रात ढवळाढवळ नको, हे त्यानं करारातच घालून घेतलं.

तंत्राचं थोडक्यात: छापायच्या दुप्पट आकारात काढा. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो. बारीक रेघांची जाळी घातलीत तर सकाळी काळा डाग दिसेल. आणि संध्याकाळी तीन कच्ची चित्रं दाखवायची तयारी ठेवा, दोन पडतातच.

गावाकडचं मात्र विसरू नका. २०१७ ला कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली तेव्हा डेस्कवरून सुचवलं गेलं, 'हताश शेतकरी काढ, मागे शेत.' नमुना म्हणून जो फोटो दिला, त्यात ऊस होता! मी पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडावर, नुसतं एक बोंड काढलं. बाहेरून हिरवंगार, आणि कापल्यावर आत खुर्ची टाकून बसलेली अळी. ही अळी बाहेरून दिसत नाही, बोंड फोडावं तेव्हा कळतं, हे आमच्याकडचं शेंबडं पोरगंही सांगेल. ते पहिल्या पानावर गेलं.

आईचा फोन आला. "बोंड बराबर काढलं रे, पण पऱ्हाटीले पाला लय दाखवला तुनं."

त्या चित्राची मूळ प्रत माझ्याकडे नाही. ती ऑफिसातून लगेच मागून घ्यायची असते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.